चाळणी आणि द्वारपाल : पेशीपटलाच्या अध्यापनातील दोन प्रतिमांची चिकित्सा

पेशीपटलातून पदार्थांचे वहन समजावून देताना आपल्या वर्गांत दोन प्रतिमा वारंवार योजल्या जातात. पहिली चाळणीची, 'अर्धपार्य पटल' ही संज्ञा तिला दुजोरा देते. दुसरी द्वारपालाची, 'निवडक्षम' हे विशेषण तिला बळ देते. दोन्ही सुबोध आहेत. तथापि त्या कोठे अपुऱ्या पडतात, याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

चाळणी लहान ते सोडते, मोठे ते अडवते. पटलाचे वर्तन एवढे सरळ नाही. सोडिअमचा आयन पोटॅशिअमच्या आयनापेक्षा लहान असूनही पोटॅशिअम-वाहिनी त्याला जवळजवळ अडवूनच धरते. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये या वाहिनीची रचना उलगडली, तेव्हा त्यामागील कारण स्पष्ट झाले. पाण्याचे वेष्टन उतरवून आत शिरणाऱ्या पोटॅशिअमला वाहिनीतील ऑक्सिजनचे अणू नेमका आधार देतात. सोडिअमला तो पुरेसा मिळत नाही. येथे प्रश्न केवळ आकाराचा नसून जुळणीचा आहे.

द्वारपालाची प्रतिमा अधिक आकर्षक आणि म्हणूनच अधिक फसवी आहे. ती पटलाला हेतू बहाल करते : हिताचे ते आत, अहिताचे ते बाहेर. कॉलऱ्याच्या रुग्णाला पाणी व मीठ यांचीच नितांत गरज असते. तरीही नुसते मिठाचे पाणी आतड्यात पुरेसे शोषले जात नाही. योग्य प्रमाणात ग्लुकोज मिसळल्यास मात्र शोषण वाढते. कारण आतड्याच्या पेशीतील एक वाहक प्रथिन सोडिअम व ग्लुकोज यांना जोडीनेच आत नेते आणि पाणी त्यांच्यामागोमाग जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही सहवहनाची कल्पना मांडली. त्यासाठी लागणारा सोडिअमच्या संहतीतील फरक पेशीतील पंप टिकवतो. एटीपीचा एक रेणू खर्ची घालून तो तीन सोडिअम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशिअम आयन आत घेतो. यात कोणाचाही निर्णय नाही; रचना आहे, संहतीतील फरक आहे आणि ऊर्जेचा खर्च आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोडिअम बायकार्बोनेट यांचे द्रावण तोंडावाटे देण्याची व्यवस्था केली. पूर्वी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण तेथे सुमारे ३.६ टक्क्यांवर आले. द्रावणातील साखर 'ताकदीसाठी' असते असे मानणारा विद्यार्थी उद्या घरी ती वगळेल किंवा वाढवेल. वगळल्यास सोडिअमला सोबती उरत नाही. वाढवल्यास परासरणाने उलट पाणीच आतड्याच्या पोकळीत ओढले जाते.

प्रतिमा टाकून द्याव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. प्रत्येक प्रतिमा जेथे मोडते ते स्थळही त्याच तासाला दाखवावे, एवढीच अपेक्षा आहे.