वास्तूंचे मौन आणि उत्सवांची वाणी : परभणीच्या नागरी अस्मितेचा एक विचार

शहराची अस्मिता त्याच्या वास्तूंतून व्यक्त होते, हे गृहीतक नगर-अभ्यासात इतके रुळले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. केविन लिंच यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'द इमेज ऑफ द सिटी' या ग्रंथात मार्ग, सीमा, विभाग, केंद्रबिंदू आणि खूणवास्तू अशा पाच घटकांच्या आधारे नागरिकांच्या मनातील शहराचे चित्र उलगडून दाखविले. ते विवेचन बोस्टन, जर्सी सिटी व लॉस एंजेलिस या अमेरिकन शहरांवर आधारलेले होते. आपल्याकडील लेखनात मात्र त्यातील खूणवास्तू हा एकच घटक प्रामुख्याने उचलला गेला. पुणे म्हटले की शनिवारवाडा, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) म्हटले की दरवाजे, अशी समीकरणे त्यातून तयार झाली. ज्या शहराकडे अशी वास्तू नाही त्यास चेहराच नाही, असा निष्कर्ष मग ओघानेच येतो. प्रस्तुत लेखात परभणीच्या संदर्भात हा निष्कर्ष तपासून पाहिला आहे.

परभणीची ओळख प्रथम कानावर पडते ती म्हणींतून. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' या दख्खनी वळणाच्या उक्तीत उपरोध आहे, तर 'जगात जर्मनी, भारतात परभणी' या उक्तीत त्याच उपरोधाला दिलेले खट्याळ उत्तर आहे. (दुसरी उक्ती परभणीकर स्वतः अधिक आवडीने सांगतात, हे सूचक आहे.) शहराचे नाव प्रभावती देवीवरून आले असे परंपरा सांगते. परंतु त्या प्राचीनतेची साक्ष देणारी, दुरून नजरेत भरणारी वास्तू शहरात नाही. जिल्ह्यातील शिल्पवैभव आहे ते खेड्यांत : जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची यादवकालीन मंदिरे, नेमगिरीची जैन लेणी, सेलू तालुक्यातील वालूरची बारव. गोदावरीचा घाट आणि संत जनाबाईंचे स्मरण गंगाखेडकडे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाकडे कार्यालये आली, रेल्वे स्थानक आले, बाजार आला.

असे असूनही या शहरास चेहरा नाही, हे विधान फेब्रुवारीत येथे येणारा मनुष्य करणार नाही. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस हा मराठवाड्यातील मोठ्या उरुसांपैकी एक होय. उरूस सामान्यतः हिजरी कालगणनेनुसार भरतो व म्हणून सौर वर्षाच्या हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. परभणीचा उरूस मात्र फेब्रुवारीच्या आरंभाशी बांधलेला आहे. याचे एक कारण कृषिजीवनात शोधता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कापूस बव्हंशी विकला गेलेला असतो, तूर घरात आलेली असते, रब्बीची ज्वारी कणसात असते आणि गाठीला थोडा पैसा असतो. हिंदू व मुस्लिम, दोन्ही समाजांतील कुटुंबे खेड्यापाड्यांतून या सुमारास शहरात येतात. दर्ग्याच्या परिसरात पाळणे, मिठाईची दुकाने, खेळण्यांची पाले यांचे एक तात्पुरते नगर उभे राहते. त्याला गल्ल्या असतात, चौक असतात, भेटण्याच्या ठरलेल्या जागा असतात. लिंच यांचे पाचही घटक त्यात सापडतात, फक्त ते कापडाचे व पत्र्याचे असतात. काही आठवड्यांनी ते नाहीसे होते आणि पुढील वर्षी पुन्हा उभे राहते. जे पाडले जाते तेच टिकते, असा हा उलटा न्याय आहे.

दुसरा दिवस १७ सप्टेंबरचा. देश १९४७ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला, परंतु परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने येथील स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी, तेरा महिन्यांनी आले. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन शहरात राजगोपालाचारी उद्यानात होते. हे नाव उच्चारताना त्यातील इतिहास आता कोणाच्या ध्यानात येत नाही. संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते, हे लक्षात घेतले की एका साध्या बागेचे नाव कोनशिलेचे काम करू लागते. याच दिवशी मराठवाडा कृषी विद्यापीठात (स्थापना १८ मे १९७२, २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने) रब्बी हंगामाचा शेतकरी मेळावा भरतो. सकाळी ध्वज आणि नंतर हरभरा-ज्वारीच्या बियाण्यासाठी शेतकऱ्यांची रांग, असा हा मुक्तिदिन आहे. महाराष्ट्रातील अन्य किती शहरांत स्वातंत्र्याचा उत्सव पेरणीशी असा जोडला गेला आहे?

येथवरचे विवेचन उत्सवाचा गौरव म्हणून वाचले जाण्याचा धोका आहे. उरुसाचे वर्णन दरवर्षी ऐक्याचे प्रतीक म्हणून केले जाते, आणि ते वर्णन इतके सवयीचे झाले आहे की उत्सव संपल्यानंतर उरलेले अकरा महिने शहर कसे जगते, हा प्रश्न विचारण्यातून सुटका होते. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि त्यात अटक झालेल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ज्या शहरात भव्य वास्तू नाही असे आपण म्हणतो, तेथे पुतळ्याजवळची एक लहानशी प्रतिकृती हजारो नागरिकांच्या आत्मसन्मानाचे केंद्र होती, ही गोष्ट नगर-अभ्यासकांनी गांभीर्याने घेतली पाहिजे. स्मारकाचे मोल त्याच्या उंचीवर ठरविणारी आपली दृष्टी येथे सपशेल अपुरी पडते. त्या जागेला १४ एप्रिलच्या मिरवणुकांनी, अभिवादनाच्या रांगांनी अर्थ दिला होता. उत्सव व वास्तू यांना वेगवेगळ्या प्रकरणांत घालणारी मांडणी तो अर्थ टिपू शकत नाही.

साहित्याच्या बाबतीत शहराने तुलनेने अधिक सजगता दाखविली. सातोना येथे १९१३ मध्ये जन्मलेल्या आणि १९५३ मध्ये अकाली निधन पावलेल्या कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ यांचे नाव येथील नाट्यगृहास आहे. १९९५ मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही येथे भरले. तथापि गेल्या काही दशकांत ठिकठिकाणी उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या स्वागतकमानींबद्दल असे चांगले बोलता येत नाही. त्या कोणत्याही शहराच्या असू शकतात. त्यांखालून कोणतीही ठरलेली वाट जात नाही आणि कोणताही दिवस त्यांचा नाही.

याउलट वालूरचे उदाहरण पाहावे. तेथील चक्राकार पायऱ्यांची बारव गाळाने भरली होती. ग्रामस्थांनी अलीकडच्या वर्षांत श्रमदानाने ती मोकळी केली. महाशिवरात्रीला जुन्या बारवांत दिवे लावण्याची चळवळही याच काळात राज्यभर पसरली. शहरातील महापालिका २०११ मध्ये स्थापन झाली. तिच्या अंदाजपत्रकात कमानींना जागा मिळते, तर उरुसाच्या मैदानाला, उद्यानातील ध्वजवंदनाच्या चौथऱ्याला आणि स्थानकासमोरील त्या पदपथाला नागरी वारसा म्हणून नोंदविण्यास कोणती अडचण आहे, हे निदान एकदा विचारले गेले पाहिजे.