फोटोखाली काय लिहिलंय?

अर्काइव्हमधला जुना फोटो स्क्रीनवर आला की आपण आधी चेहरा बघतो, मग कपडे, मग मागची भिंत. बोटांनी झूम करतो, 'काय क्लास फोटो आहे' म्हणतो आणि पुढे सरकतो. फोटोखालच्या दोन ओळी वाचायच्या राहून जातात. मला मात्र आताशा त्या दोन ओळींचंच व्यसन लागलंय. फोटोत काय दिसतं हे कॅमेऱ्यानं ठरवलेलं असतं, पण त्यात काय बघायचं हे त्या ओळी ठरवतात. आणि त्या ओळी लिहिणारी संस्था बहुतेकदा एखादं विद्यापीठ असतं. विद्यापीठं काही कोऱ्या पाटीची नसतात.

मेरियन अँडरसनचंच घ्या. जन्म 1897, फिलाडेल्फिया. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या आवाजांपैकी एक. त्याच शहरातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तिचे चार हजारांहून अधिक फोटो आहेत. हयातीतच तिनं आपली कागदपत्रं या विद्यापीठाकडे सोपवायला सुरुवात केली होती. पत्रं, डायऱ्या, कार्यक्रमपत्रिका, खाजगी रेकॉर्डिंग असं बरंच काही आता फोनवरही बघता येतं. तरुणपणी याच शहरातल्या एका संगीतशाळेनं तिला रंगावरून दारातूनच परत पाठवलं होतं. शाळेनं नाकारलेली मुलगी आयुष्याच्या शेवटी शहरातल्या विद्यापीठाची ठेव होते. वाचायला छान वाटतं, पण मला इथेच थांबावंसं वाटतं. ठेव झाली म्हणून हिशेब मिटतो का?

तिचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो 9 एप्रिल 1939चा. वॉशिंग्टनमधलं लिंकन स्मारक, ईस्टरचा रविवार, समोर मायक्रोफोनची रांग, अंगावर फरचा कोट, मागे लिंकनचा भव्य पुतळा, समोर सुमारे 75,000 लोक. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन' या संस्थेनं कृष्णवर्णीय गायिकेला आपलं सभागृह द्यायला नकार दिला, म्हणून हा कार्यक्रम उघड्यावर झाला. एलिनॉर रूझवेल्टनी त्या संस्थेचा राजीनामा दिला, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी, की त्या दिवशी तिनं घातलेलं जाकीट भडक नारिंगी मखमलीचं होतं. ते आज स्मिथसोनियनकडे आहे. फोटो कृष्णधवल, त्यामुळे आपल्या डोक्यातली ती अँडरसन कायमची राखाडी, गंभीर, जवळजवळ पुतळाच. एप्रिलच्या गारठ्यात फरच्या खाली नारिंगी मखमल घालून आलेली, आपण काय घालायचं हे स्वतः ठरवणारी बाई त्या फोटोत नाही. ती सांगायला शब्द लागतात.

आता दुसरा फोटो. 7 जानेवारी 1955, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा. व्हर्दीच्या 'अन बाल्लो इन मास्केरा'मध्ये अँडरसन उल्रिकाच्या वेषात. मेटच्या रंगमंचावर प्रमुख भूमिकेत गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. अशा फोटोंमुळे तिच्या नावापुढे सर्रास 'ऑपेरा गायिका' असं लिहिलं जातं. माझा आक्षेप या दोन शब्दांना आहे. मेटवर तिनं गायलेली भूमिका ही एकच, तीही वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आवाजाचा बहर ओसरल्यावर. तिचं खरं आयुष्य मैफिलीत गेलं: एक पियानो, एक आवाज, शूबर्ट आणि स्पिरिच्युअल्स. ऑपेराची दारं बंद होती म्हणून ती ऑपेरा गायिका झाली नाही. लेबलमुळे नेमकं हेच झाकलं जातं. शिवाय उल्रिका ही संहितेतच कृष्णवर्णीय ज्योतिषीण आहे. म्हणजे दार उघडलं ते एवढंच.

पण त्याच रात्रीच्या कलाकारांची यादी बघा. रिचर्ड टकर, लेनर्ड वॉरन, रॉबर्टा पीटर्स. टकरचं जन्मनाव रूबिन टिकर, ब्रुकलिनचा, सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारा कँटर. वॉरनचं मूळ आडनाव वॅरेनॉफ. रॉबर्टा जन्मानं पीटरमन. तिघंही ज्यू कुटुंबांतली मुलं. रंगमंचावर नाव बदलणं म्हणजे धंद्याचा भाग, पोस्टरवर सुटसुटीत दिसावं म्हणून. मेटच्या फोटोंखाली ही बदललेली नावंच असतात आणि कुणी त्याबद्दल जाब विचारत नाही.

विद्यापीठानं मात्र विचारला होता. 1922च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण साधारण एक पंचमांश झालं होतं. अध्यक्ष लॉवेल यांना ते पंधरा टक्क्यांवर आणायचं होतं. उघड कोटा प्राध्यापकांनी नाकारला, पण प्रवेश-अर्ज बदलला. वंश आणि रंग, धर्म, आईचं माहेरचं आडनाव, वडलांचं जन्मस्थान. आणि एक खास प्रश्न: तुमच्या किंवा वडलांच्या नावात जन्मानंतर काही बदल झालाय का, झाला असेल तर सविस्तर सांगा. काही वर्षांत अर्जासोबत फोटोही मागायला लागले. मग गुणांपेक्षा 'चारित्र्या'ला महत्त्व आलं आणि कोटा न म्हणता कोटा लागू झाला.

ही दोन चित्रं शेजारी ठेवा. टकर, वॉरन, पीटर्सचा फोटो 'या, ऐका' म्हणून काढलेला. त्यांच्याच आधीच्या पिढीतल्या एखाद्या पोराचा पासपोर्ट साइझ फोटो 'तू नक्की कोण?' म्हणून मागितलेला. विद्यापीठांच्या अर्काइव्हमध्ये दोन्ही जातीचे फोटो असतात आणि स्कॅन केल्यावर दोन्ही सारखेच देखणे दिसतात. टाय नीट, भांग नीट, नजर कॅमेऱ्यात. सेपिया रंगाला गुन्हा कळत नाही.

विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी काढलेले फोटो ही तिसरी जात. 1906मध्ये हार्वर्डमध्येच ज्यू विद्यार्थ्यांनी मेनोरा सोसायटी काढली, 1923मध्ये इलिनॉय विद्यापीठात पहिलं हिलेल सुरू झालं. इतरांच्या क्लबात प्रवेश नाही म्हणून, आणि आपल्या भाषेवर, ग्रंथांवर प्रेम आहे म्हणूनही. अशा मंडळांचे फोटो बघताना मला आपल्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचे ग्रूप फोटो आठवतात. बसलेले, उभे, डावीकडून उजवीकडे नावं. ते आपल्यापैकी कुणी तरी आपल्यासाठी काढलेले असतात. पण अशा फोटोखाली विद्यापीठ नुसतं 'समृद्ध विद्यार्थीजीवन' लिहितं, तेव्हा या पोरांना वेगळं मंडळ का काढावं लागलं हा प्रश्न गायब होतो. समृद्धी खरीच होती. बंद दारंही तितकीच खरी होती. कॅप्शनमध्ये दोन्हींना जागा हवी.

प्रिन्स्टनमध्ये हे दोन्ही धागे एकाच गावात भेटतात. 1937मध्ये अँडरसन तिथे गायला आली, आणि हॉटेलनं खोली नाकारली. तेव्हा तिला घरी राहायला बोलावणारा माणूस होता अल्बर्ट आइन्स्टाइन, जर्मनी सोडून आलेला ज्यू. त्याच गावच्या विद्यापीठात 1958मध्येसुद्धा जेवणाच्या क्लबांनी तेवीस विद्यार्थ्यांना कुठेच घेतलं नाही, त्यातले निम्म्याहून अधिक ज्यू होते. आइन्स्टाइनच्या पाहुणचाराची गोष्ट सगळ्यांना सांगायला आवडते. हॉटेलची आणि क्लबांची गोष्ट तिच्या शेजारी ठेवली तरच त्या पाहुणचाराचा अर्थ लागतो.

फोटो वापरला कसा जातो याचं एक टोक आपल्या देशापर्यंत येतं. 1957मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यानं अँडरसनला आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं. दिल्लीत गांधीजींच्या स्मारकापाशी ती गायली. दौऱ्याचा माहितीपट डिसेंबरात अमेरिकी टीव्हीवर दाखवला गेला. त्याच शरद ऋतूत लिटल रॉकमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोचवायला सैन्य लागलं होतं. एका फोटोनं दुसरा झाकायचा, हे सरकारांना चांगलं जमतं. पण अँडरसनचा आवाज सरकारी नव्हता, हेही त्याच चित्रांमधून कळतं. म्हणून ती जपली पाहिजेत, पण 'सदिच्छा दौरा' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळून नाही.

पेनसिल्व्हेनियानं इतकं सगळं उघडं करून दिलं याचं मला अप्रूप आहे. कुलूपबंद खोक्यातल्या फोटोवर टीकाही करता येत नाही. तरी माझी मागणी सगळ्याच विद्यापीठांकडे आहे. गायिकेचे फोटो जपता तसे तुमचे जुने अर्जही दाखवा, आणि खाली लिहा की हा फोटो कुणी मागितला होता, कशासाठी, आणि त्यानंतर त्या मुलाला प्रवेश मिळाला का.

तुम्हीही असा एखादा संग्रह उघडलात तर झूम करण्याआधी जरा खाली स्क्रोल करा. फोटोतल्या माणसानं हसावं असं कुणाला वाटत होतं, ते बहुतेकदा तिथे लिहिलेलं असतं. आणि लिहिलेलं नसेल, तर ते का नाही हे विचारणारा ईमेल करायला दोन मिनिटं लागतात.