‘ट्रिपल पी’चे मूल्यमापन : साक्ष कोणाची?

क्वीन्सलँड विद्यापीठात मॅथ्यू सँडर्स यांनी विकसित केलेला ‘ट्रिपल पी’ हा सकारात्मक पालकत्वाचा कार्यक्रम कुटुंबांना उपकारक असल्याचे अनेक अभ्यास सांगतात. परंतु विल्सन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तपासलेल्या ३३ अभ्यासांपैकी ३२ अभ्यासांचे लेखक या कार्यक्रमाशीच संबंधित होते. लाभाची नोंदही मुख्यत्वे मातांच्या कथनावर आधारलेली. पित्यांच्या कथनातून तो सिद्ध होत नाही. माता असत्य सांगतात असे नव्हे. परंतु जिने प्रशिक्षणासाठी श्रम घेतले, तिलाच ‘मूल सुधारले काय?’ असे विचारणे म्हणजे परीक्षार्थ्यालाच परीक्षक नेमणे होय. ग्लासगोत बालवाडीतील कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर आधारित, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शहराच्या पातळीवर मुलांच्या मानसिक आरोग्यात सुधारणा आढळली नाही. एखाद्या त्रस्त कुटुंबाला आधार मिळत असेलही. सरसकट सर्व पालकांसाठी सार्वजनिक निधी खर्चण्यास तेवढे पुरेसे नाही.