सभाभाषणातील 'अशुद्ध' उच्चार: वसईच्या बोलींच्या संदर्भात

वसई तालुक्यातील उमेळे या ग्रामनामातच एक भाषाशास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. उत्तर कोकणातील आगरी, कोळी आदी बोलींत 'ळ'च्या जागी 'ल' व 'ण'च्या जागी 'न' येण्याची प्रवृत्ती आहे. अशा बोलीच्या भाषकाच्या तोंडी हे नाव 'उमेले' असे होते. वक्तृत्वस्पर्धेत त्याने तसा उच्चार केला की परीक्षक 'अशुद्ध' म्हणून गुण कापतो. हा निवाडा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली प्रासंगिक स्खलन आणि नियमबद्ध चूक यांत भेद केला. स्खलन वक्त्याला स्वतःच उमगते व तो ते सुधारतो. 'पानी', 'शाला' ही रूपे मात्र मातृबोलीच्या नियमानुसार, म्हणून सातत्याने, येतात. सामवेदीत 'च'चा 'स' आणि 'स'चा 'ह' होतो, तोही असाच नियम होय. ग्रीअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात या परिसरातील बोलींची नोंद आहे. अर्थात, हा आळस अथवा अज्ञान नव्हे.

सरसकट दोषारोपाचा परिणाम उलटच होतो. चुकण्याच्या धास्तीने वक्ता 'मन'चे 'मण' करू लागतो. ही अतिशुद्धी मूळ उच्चारापेक्षा अधिक खटकते. कारण 'मण' हे तर वजनाचे माप! याहून मोठी हानी म्हणजे त्याचे लक्ष विचारावरून उडून जिभेवर खिळते, आणि पुढे तो व्यासपीठच टाळतो.

तथापि प्रमाणोच्चार शिकवूच नये, असा याचा अर्थ नाही. 'पानी' म्हटल्याने श्रोत्याचा अर्थबोध अडत नाही. परंतु 'काळ बदलला' याऐवजी 'काल बदलला' असे ऐकू आल्यास विधानच पालटते. 'वेळ' आणि 'वेल' यांचेही तसेच. म्हणून अध्यापनात प्रथम अशा अर्थभेदक जोड्यांचा सराव घ्यावा. उरलेले फरक सवडीने हाताळावेत. परीक्षणातही अर्थबाधक चूक आणि बोलीचा ठसा यांना एकाच मापाने मोजू नये.

वसईतील नंदाखाल येथे जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० साली तत्कालीन उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. या भूमीतील वाणीला मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर स्थान आहे, हे त्यावरून सिद्धच झाले. शालेय व्यासपीठावर तिचा संकोच करण्याचे मग प्रयोजन काय?