पसंतीक्रम : कोणाची पसंती?

अभियांत्रिकी प्रवेशाची माहितीपुस्तिका हा समीक्षेचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या वस्तीतील बारावी झालेल्या मुलाच्या आयुष्यावर या पुस्तिकेचा जेवढा परिणाम होतो तेवढा कोणत्याही कादंबरीचा होत नाही. तेव्हा कादंबरीला विचारतो तोच प्रश्न तिलाही विचारला पाहिजे : हे लेखन कोणाला उद्देशून आहे?

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची पुस्तिका वाचू लागलो की एक विशिष्ट वाचक डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याला नियमांची इंग्रजी समजते. त्याच्या घरात कोणी इंजिनियर आहे. घरात नसला तर मामा आहे, वडिलांचा मित्र आहे. संगणक शाखा आणि माहिती तंत्रज्ञान शाखा यांत फरक किती, शासकीय महाविद्यालयातील यंत्र शाखा बरी की खाजगीतील संगणक, ही चर्चा त्याने दहावीपासून जेवताना ऐकलेली असते. पुस्तिकेने त्याला फक्त तारखा आणि कागदपत्रांची नावे सांगायची. सल्ला त्याला वारशाने मिळालेला आहे, जशी जमीन मिळते. ज्याचा बाप सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो त्या मुलाला ही पुस्तिका वाचक म्हणून मोजतच नाही.

'पसंतीक्रम' हा शब्दच पाहा. पसंत करायला आधी पाहिलेले असावे लागते. आपल्या मुलाने महाविद्यालये पाहिलेली नसतात, ऐकलेलीही नसतात. मग तो भीतीचा क्रम लावतो. वर जे लिहिले ते मिळाले नाही तर हाती काहीच येणार नाही, या धास्तीने तो जवळच्या, कमी मागणीच्या महाविद्यालयाला पहिला क्रमांक देतो. वस्तुतः या पद्धतीत संगणक गुणवत्तेनुसार एकेका उमेदवाराची यादी वरून खाली तपासतो आणि उपलब्ध असलेला सर्वांत वरचा पर्याय देतो. अवघड महाविद्यालय वर लिहिल्याने खालचे मिळण्याची शक्यता तिळभरही कमी होत नाही. हे एक वाक्य त्याला कोणी सांगत नाही. आणि न सांगण्याची किंमत मोठी आहे. २०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनांपैकी एखादा आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला की तो घेणे बंधनकारक होते. पुढच्या फेरीची वाट बंद. म्हणजे भीतीने वर लिहिलेले नावच चार वर्षे गळ्यात पडते. गुण असूनही मुलगा खालच्या जागी बसतो, आणि यंत्रणेच्या दप्तरी नोंद होते की ती त्याची पसंती होती!

दुसरी फसगत कागदांची. जात प्रमाणपत्र पडताळणीचा कायदा २००० सालचा आहे, आणि राखीव जागेवरील प्रवेशाला वैधता प्रमाणपत्र लागते. बारावी विज्ञान शाखेत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज केला तर ते वेळेत मिळू शकते. पण हे अकरावी-बारावीच्या किती शिक्षकांनी वर्गात सांगितले? मुदतीत कागद आला नाही की विद्यार्थी खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. त्याहून भयंकर प्रकार व्यवस्थापन कोट्याचा. निकालानंतर शहराशहरांत 'प्रवेश सल्लागार' दुकाने थाटतात. तो सल्लागार बापाला सांगतो, 'साहेब, जागा पक्की करून देतो.' बाप बैल विकून पैसे भरतो. केंद्रीभूत फेरीतून न आलेल्या अशा प्रवेशाला भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळत नाही, हे त्याला वर्ष संपताना कळते. अनुसूचित जातींसाठी १९४४ पासून चालत आलेली ही योजना एका चुकीच्या सहीने हातची जाते.

प्रवेशानंतर तरी सल्ला मिळतो काय? कागदोपत्री भरपूर मिळतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर परिचय कार्यक्रम आखून दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये तशाच कार्यक्रमाला 'दीक्षारंभ' असे नाव दिले. (दीक्षा या शब्दाचा आपल्याला माहीत असलेला अर्थ १४ ऑक्टोबर १९५६ चा आहे. तेथे जमलेल्यांना समतेच्या प्रतिज्ञा मिळाल्या. येथे स्वागताची भाषणे मिळतात.) प्रत्येक वीसेक विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेला असतो. मीही आहे. त्या कामाची एक फाईल असते, तीत विद्यार्थ्याची सही, पालकाचा फोन, 'चर्चा केली' असा शेरा. मूल्यांकन समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात महाविद्यालया-महाविद्यालयांतून या फायली एका बैठकीत भरल्या जातात, हे शिक्षक मंडळींना ठाऊक आहे.

परंतु रिकाम्या फायलीपेक्षा मला भरलेल्या सल्ल्याची अधिक धास्ती वाटते. एकाच खोलीत, एकाच टेबलापाशी दोन प्रकारचे सल्ले दिले जातात. एकाला सांगतात, 'तू ऑनर्स घे, गेटची तयारी आत्तापासून कर.' दुसऱ्याला सांगतात, 'तुला झेपेल ते घे, आधी एटीकेटी सोडव.' दुसऱ्याच्या गणितात एक विषय राहिलेला असतो हे खरे. पण तो पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला आला आहे, पहिल्या वर्षाचे गणित त्याला कोणी शिकवलेच नाही, हे सल्ला देणाऱ्याने विचारलेले नसते. राखीव यादीतले नाव पाहून 'झेपण्याचा' अंदाज आधीच बांधलेला असतो. बोलणारा माणूस दुष्ट असतो असे नाही. पुष्कळदा तो कळवळ्याने बोलतो. कळवळ्याने बोललेले ऐकणाऱ्याच्या मनात खोल उतरते, म्हणून नुकसानही जास्त करते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाबद्दल सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये जो अहवाल दिला, त्यात शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नसल्याच्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारी आहेत. ती वैद्यकीय संस्था होती. अभियांत्रिकीचे वर्ग काही निराळ्या समाजातून भरत नाहीत.

बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचे एकेक. ही यादी झेपण्याचा हिशेब मांडून केलेली दिसत नाही. ती भूक लागलेल्या माणसाची यादी आहे, आणि सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारख्या शिक्षकांनी त्या भुकेला कमी जेवण्याचा उपदेश केला नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत 'सोपा विषय घे' असे सांगणाऱ्यांच्या टेबलावर मला ही यादी ठेवाविशी वाटते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आता आणखी एक दार उघडले आहे, बाहेर जाण्याचे. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येईल, आणि श्रेयांक पेढीत जमा राहतील. पेढीत ठेव असलेल्याला पेढीचा उपयोग! परत येण्यासाठी फी, खोली आणि वर्षभराची मजुरी बुडवण्याची ताकद लागते. शिष्यवृत्ती रखडलेली आहे, दोन विषय राहिले आहेत, घरी बहिणीचे लग्न आहे, अशा मुलाला एखादा मार्गदर्शक शांतपणे म्हणेल, 'पदविका घे आणि जा, नंतर ये.' पूर्वी अशा मुलाची नोंद गळतीत व्हायची आणि विधिमंडळात कोणी तरी जाब विचारू शकत असे. आता ती नोंद त्याच्या निवडीत होईल. या सल्ल्याची लेखी नोंद ठेवा, कोणत्या प्रवर्गातील किती विद्यार्थी कोणाच्या सल्ल्याने बाहेर पडले ते दरवर्षी जाहीर करा, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी आजच लावून धरली पाहिजे. नियमांची पुस्तिका सोप्या मराठीत, उदाहरणांसह मिळणे हीही हक्काची बाब आहे, कोणा प्राध्यापकाच्या चांगुलपणाची नाही.

थोडे आपल्या चळवळीविषयी. आपण राखीव जागांसाठी मोर्चे काढले आणि काढू. पण जागा मिळाल्यावर तीवर बसणाऱ्याला कोणती जागा, कोणती शाखा, कोणता कागद हे सांगायला आपण किती वेळ दिला? हे काम आजवर वसतिगृहातल्या वरच्या वर्गातील मुलांनी केले, जुन्या वह्या आणि स्वतःच्या चुका पुढच्यांना देऊन. वसतिगृहात खोली न मिळालेल्यांपर्यंत ते पोचत नाही. मुलींपर्यंत तर फारच कमी. एप्रिलच्या जयंतीसाठी जमलेले मंडळ प्रवेशाच्या दिवसांतही जमू शकते. गावातली, वस्तीतली अभियांत्रिकीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुले-मुली रविवारी विहारात बसवावीत. मागील वर्षी कोणत्या शाखेची अनुसूचित जातीची जागा किती गुणांवर बंद झाली याच्या याद्या कक्षाच्या संकेतस्थळावर असतात; त्या छापून भिंतीवर लावाव्यात, आणि अर्ज भरायच्या आधी प्रत्येक यादी मोठ्याने वाचून घ्यावी. आईवडिलांनाही बोलवावे, कारण व्यवस्थापन कोट्याचा दलाल त्यांच्याकडेच जातो.