शाळेंतील ज्वालामुखी

माध्यमिक शाळांच्या भूगोलांत ज्वालामुखींचा धडा बहुधा एकाच साच्यांतून निघालेला असतो. व्हेसुव्हियस, फुजियामा, क्राकातोआ अशी नांवांची माळ, शंकूची आकृति, आणि जागृत, निद्रिस्त व मृत हे तीन प्रकार. एवढ्यावर तो संपतो. विद्यार्थी तो घोकतो, परीक्षेंत उतरवितो आणि मोकळा होतो. हा तप्त रस येतो कोठून, या त्याच्या मूळ प्रश्नाला उत्तर मात्र मिळत नाहीं.

आमचा पहिला आक्षेप अर्धसत्याला आहे. पृथ्वीचें पोट म्हणजे उकळत्या रसाची कढई, असा ग्रह या धड्यानें सहज होतो. वस्तुतः कवचाखालील प्रावरण बहुतांशीं घन आहे. तें वर सरकतांना त्यावरील दाब उतरतो, किंवा त्यांत पाणी मिसळून वितळण्याचें तापमान खालीं येतें, तेव्हां त्याचा कांहीं अंश वितळतो. रस पातळ असला तर हवाई बेटांतील किलाउएआप्रमाणें तो बहुधा वाहतो. चिकट व वायूंनीं भरलेला असला तर इ. स. ७९ मधील व्हेसुव्हियसप्रमाणें स्फोट होतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलास यांत कठीण तें काय? सोडावॉटरची बाटली उघडतांच फेंस कसा उसळतो, हें त्यानें पाहिलेलेंच असतें.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ज्वालामुखी इटलींत व जपानांत असतात, असें शिकणारा महाराष्ट्रांतील मुलगा बहुधा लाव्हाच्या थरांवरच बसलेला असतो. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूकवचाच्या भेगांतून वाहिलेल्या रसाचे हे थर. सह्याद्रीच्या पायऱ्या त्यांच्याच, आणि वेरूळचें कैलास लेणें त्यांतच कोरलेलें. पण येथें शंकू दिसत नाहीं. म्हणून केवळ आकृति पाठ केलेल्या मुलास हा प्रदेश ओळखतां येत नाहीं. उलट लोणारचें वाटोळें सरोवर पाहून तो त्यास ज्वालामुखीचें मुख समजतो. तें तर अशनीच्या आघातानें पडलेलें विवर!

वेळ अपुरा, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाहीं. पण दहा नांवें गाळून जवळच्या टेकडीवरचा एक सच्छिद्र काळा दगड वर्गांत फिरविण्यास कितीसा वेळ लागतो? तीं छिद्रें म्हणजे रस थिजतांना त्यांत अडकलेल्या वायूचे बुडबुडे. बाटलींतला फेंस व हातांतला दगड यांची सांगड मुलानें स्वतः घातली, म्हणजे धडा झाला असें आम्ही समजूं. पाठ्यपुस्तककारांनीं नव्या आवृत्तींत निदान एवढी सोय करावी, अशी आमची विनंती आहे.