कर्नलच्या आत काय ठेवायचं?

तांत्रिक निबंध आपण निष्कर्षापुरते वाचतो. योखेन लीडटके या जर्मन संशोधकाचा ‘ऑन मायक्रो-कर्नल कन्स्ट्रक्शन’ (१९९५) मी त्यातल्या युक्तिवादासाठी वाचतो.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. फाइल सिस्टिम, ड्रायव्हर वगैरे त्यातून काढून स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालवायचे, म्हणजे एक कोसळला तरी बाकीचे तगतात, ही मायक्रोकर्नलची कल्पना. पण मग या प्रोग्रामांना सतत एकमेकांना निरोप धाडावे लागतात. ‘माक’ या गाजलेल्या मायक्रोकर्नलमध्ये हे निरोप फार हळू जात. त्यावरून ‘विभागणी केली की वेग गेला’ असा समज रुजला.

लीडटके म्हणतो, दोष विभागणीचा नाही, बोजडपणाचा आहे. माकचा कोड इतका पसरट, की प्रोसेसरच्या छोट्या, वेगवान कॅशमधली जागा तोच अडवतो. लीडटकेचा एल-४ मात्र अवघा १२ किलोबाइटचा. त्याची कसोटीही कडक: बाहेर ठेवल्यावर सिस्टिमचं आवश्यक काम अडणार असेल, तरच ती गोष्ट आत.

मला त्याचं एक म्हणणं पटत नाही. मायक्रोकर्नल प्रत्येक प्रोसेसरसाठी नव्याने लिहावा लागतो, असं तो ठासून सांगतो. पुढे याच घराण्यातले कर्नल सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिले गेले, अनेक प्रोसेसरांवर चालले.

कसोटी मात्र टिकली. आयफोनमधला, गुप्त किल्ल्या सांभाळणारा ‘सिक्युअर एन्क्लेव्ह’ एल-४चंच बदललेलं रूप चालवतो. चूक परवडत नाही तिथे कोड कमीच हवा. तो नीट तपासता तरी येतो.